कोरड्या तोंडाची सेवा

सोमवारी सकाळी शाळेच्या फाटकासमोर कोळशाची पोती पडली होती. आडवीतिडवी, एकावर एक. एक पोतं फाटून आतला कोळसा बर्फावर सांडला होता. प्रत्येक पोत्यावर निळ्या रंगात क्रूस आणि त्याखाली गव्हाची ओंबी, अशी शाळेची खूण होती. ती खूण एर्नाबाईंनी पुठ्ठा कापून स्वतःच्या हाताने उमटवली होती, त्यामुळे कोळसा कुणाचा हा प्रश्नच नव्हता. गावातल्या एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांच्या घरी पोचवलेला कोळसा परत का आला, हा प्रश्न होता.

"बाई, हा तर आपणच वाटलेला!" मुलांच्या घोळक्यातून कुणीतरी म्हणालं.

फाटकाबाहेर दाउरेन आपल्या घोड्याच्या घसरगाडीजवळ उभा होता. नववीतल्या आयसाउलेचा बाप. गावात त्याची लाकडाची वखार होती.

"दाउरेन, काय तमाशा आहे हा?"

"तमाशा शुक्रवारी तुम्ही केलात, एर्नाबाई. मी फक्त सामान परत आणलंय. यातली बरीच पोती झुलिखा आपाची आहेत. आपाचा कोळसा परत जातोय म्हटल्यावर आमच्या गल्लीतल्या बाकीच्या म्हाताऱ्यांनाही तुमची ऊब नकोशी झाली."

"बाहेर थंडी काय आहे बघ! शुक्रवारी संध्याकाळी बुरान येणार म्हणून रेडिओवर सारखं सांगतायत. त्या वादळात दोन-दोन दिवस घराबाहेर पाऊल टाकता येत नाही. म्हातारी गारठून मरेल!"

"मेली तर नियमाप्रमाणे मेली म्हणा." दाउरेनने लगाम हातात घेतला. "आणि आयसाउलेचं नाव शाळेतून काढायचंय. शनिवारी येतो. पोरीच्या तोंडचा घास हिसकावून घ्यायचं शिक्षण आमच्या सरकारी शाळेत मिळत नाही, हे तिचं नशीबच म्हणायचं!"

घसरगाडी निघून गेली. मुलं एर्नाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली. एर्नाबाईंनी फक्त एवढंच म्हटलं, "प्रार्थनेची घंटा झालीय. चला आत."

साराओबा हे उत्तर कझाकस्तानातलं स्टेपमधलं, म्हणजे उघड्या गवताळ माळावरचं गाव. निम्म्याहून जास्त वस्ती कझाक मुसलमानांची, काही घरं रशियनांची, आणि उरलेली, महायुद्धाच्या वेळी मालगाडीत कोंबून इथे आणून टाकलेल्या जर्मन आणि पोलिश कॅथलिकांच्या नातवंडांची. शाळा सिस्टर लोकांची, पण वर्गात सगळ्यांची मुलं. एर्नाबाई रसायनशास्त्र शिकवायच्या आणि शाळेचा सेवागट चालवायच्या. हिवाळ्यात म्हाताऱ्यांच्या दारातला बर्फ काढायचा, विहिरीचं पाणी भरून द्यायचं, कोळसा पोचवायचा. ईस्टरच्या आधीचे उपासाचे चाळीस दिवस आले, की दर शुक्रवारी शाळा सुटल्यावर गट निघायचा.

गटाचा नियम एकच होता, आणि तो एर्नाबाईंचा होता. द्यायचं; घ्यायचं काही नाही. बसायचं नाही, खायचं नाही, घोटभर चहासुद्धा नाही. कुणाच्या घरात प्रार्थना तर मुळीच म्हणायची नाही.

नियमाला कारण होतं. गेल्या वर्षी गावात कुणीतरी उठवलं, की हे कॅथलिक कोळशाच्या पोत्यातून धर्म पेरतात. जिल्ह्याच्या गावाहून एक माणूस चौकशीला आला, मुलांच्या वह्या चाळून गेला. तेव्हा एर्नाबाईंनी ठरवलं, आपली सेवा इतकी स्वच्छ ठेवायची, की कुणाला बोट ठेवायला जागा उरू नये. आणि दुसरं कारण त्याहून जुनं होतं. त्यांचे आजोबा मरेपर्यंत सांगायचे, "पोरी, कुणाच्या घासाचं ओझं अंगावर ठेवू नकोस. मी ठेवलं होतं. ते फार जड असतं." एर्नाबाईंनी ते ओझं कधी अंगावर घेतलं नाही. त्या सगळ्यांना द्यायच्या, आणि कुणाकडून घ्यायच्या नाहीत. यात चूक काही असू शकेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

आणि शुक्रवारी घडलं ते असं.

मुलांनी झुलिखा आपाच्या अंगणातला बर्फ काढला, पोती गोठ्याशेजारी रचली. आपा म्हणजे आजी. झुलिखा आपा साऱ्या गावाचीच आजी. तरुणपणी तिने सामुदायिक शेतावर ट्रॅक्टर चालवला होता आणि अजूनही ती माणसांशी ट्रॅक्टरवरून बोलल्यासारखी बोलायची. त्या दिवशी तिने बुटक्या टेबलावर दस्तरखान अंथरला होता. लोणी, दुधाचा चहा, आणि कापडात गुंडाळलेल्या शेलपेक, म्हणजे ताटलीएवढ्या तळलेल्या पातळ पोळ्या.

"या, पोरांनो. तोंडाला लावून जा."

"आभारी आहोत, आपा. पण आम्हाला आणखी चार घरं करायचीत." एर्नाबाई उंबऱ्याबाहेरूनच म्हणाल्या.

"घरं पळून जाणार आहेत का? एक तुकडा मोडायला किती वेळ लागतो?"

"नियम आहे आमचा."

आयसाउले मात्र आत गेली होती. तिने एक पोळी मोडली, तुकडा तोंडाशी नेला. आणि एर्नाबाई बुटांसकट आत गेल्या, मुलीच्या हातातून तो तुकडा काढून घेतला आणि दस्तरखानावर परत ठेवला. "सेवागटात राहायचं असेल तर नियम पाळावा लागेल," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "उद्यापासून तू गटात नाहीस."

 झुलिखा आपाने त्या तुकड्याकडे पाहिलं आणि दस्तरखानाची चारी टोकं उचलून आतलं सगळं झाकलं. एर्नाबाईंना वाटलं, प्रकरण मिटलं!

*

सोमवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापिका सिस्टर क्लेमेंटिना यांनी त्यांना बोलावलं. त्या मूळच्या पोलंडच्या, अंगाने किरकोळ, बोलणं त्याहून किरकोळ.

"दाउरेनपाठोपाठ आणखी दोन पालक येऊन गेले," त्या म्हणाल्या. "सगळे तेच म्हणतात. तुमच्या बाईंना आमच्या घरची किळस येते."

"सिस्टर, किळस? मी त्यांच्यासाठी बोटं गोठवून घेते!"

"मी तेच सांगितलं. ते म्हणाले, बोटं गोठवते, पण आमच्याकडे शेकत नाही." सिस्टरनी चष्मा काढून पुसला. "नियम तुझा असला तरी मी मान्य केला, म्हणजे माझाही झाला. पण कोळसा शुक्रवारच्या आधी आपाच्या घरी पोचला पाहिजे. कसा, ते तू बघ."

बुधवारी एर्नाबाई स्वतः एक पोतं मुलांच्या घसरगाडीवर बांधून ओढत घेऊन गेल्या. आपाच्या धुराड्यातून धुराची बारीकशी रेघ निघत होती. एवढ्या थंडीत ती रेघ दुप्पट जाड असायला हवी होती, हे त्यांना लांबूनच कळलं. त्यांनी दार ठोठावलं.

"कोण?"

"मी, शाळेतली एर्ना. कोळसा आणलाय."

"ठेव तुझ्या शाळेत. पोरांना त्याचा धडा शिकव."

"आपा, दार तरी उघडा."

"कशाला? तू आत येणार आहेस थोडीच! तुझं काम उंबऱ्याबाहेर असतं." दार उघडलं नाही. "माझ्याकडे गोवऱ्या आहेत. माझ्या गाईनं दिलेल्या. आणि मास्तरीणबाई, तिनं त्या देताना माझ्याकडे बघून नाक मुरडलं नव्हतं."

"गोवऱ्या पुरणार नाहीत. बुरान येतंय."

"नाही पुरल्या तर नाही! तुझ्या देवाला जाऊन सांग, झुलिखा थंडीनं मेली, उपकारानं नाही मेली."

शेजारच्या दोन खिडक्यांचे पडदे हलले. एक बाई बाहेर येऊन घरच्या पायऱ्या उगाचच झाडू लागली आणि मोठ्याने, पण कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाली, "हल्ली पुण्यही पोत्यातून येतं बाई! वर निळी खूण उमटवली की झालं!" एर्नाबाई पोतं ओढत परत निघाल्या. रस्ताभर त्यांच्या मनात एकच विचार होता: किती कृतघ्न माणसं आहेत ही!

तुम्हीआम्हीही त्यांच्या जागी तेच म्हणालो असतो. ज्याला आपण देतो त्याने मान खाली घालून घ्यावं, एवढीच तर आपली अपेक्षा असते!

*

गुरुवारी शिक्षकांच्या खोलीत फक्त दोघी होत्या. राबिगा जीवशास्त्र शिकवायची. वर्षानुवर्षं दोघींच्या खुर्च्या शेजारी होत्या. प्रयोगशाळेचं कपाटही एकच.

"तुझ्या लोकांना समजाव जरा," एर्नाबाई म्हणाल्या. "एका पोळीच्या तुकड्यापायी म्हातारीचा जीव जाईल."

राबिगा आपला डबा उघडत होती. तिने झाकण परत लावलं.

"माझे लोक? बरं. मग माझ्या लोकांच्या वतीनं एक विचारते. इतक्या वर्षांत माझ्या डब्यातलं तू कधी काही खाल्लंस का?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"नाताळात तू मला सफरचंदाचा केक देतेस. मी खाते, घरी सासूला नेते. सासू म्हणते, तुझ्या जर्मन मैत्रिणीच्या हाताला चव आहे. नवरोजला मी घरून खीर आणते. तू काय म्हणतेस? 'पोट भरलंय ग.' दर वर्षी! एर्ना, तुझं पोट नेमकं नवरोजलाच कसं भरलेलं असतं?"

"मला कुणाचं ओझं नको असतं, राबिगा. माझा स्वभाव आहे तो."

"आणि आमच्यावर टाकायला ओझं चालतं? वा रे स्वभाव! देणारी कायम तू, हात पसरणारे कायम आम्ही. याला तू सेवा म्हणतेस. आमच्याकडे याला दुसरं नाव आहे, पण मी शाळेत बसलेय."

एर्नाबाईंचा चेहरा लाल झाला. "मी नियम केला तो तुमच्याच लोकांनी चुगल्या केल्या म्हणून! आम्ही धर्म बदलवतो म्हणाले ना? मग घरात बसून प्रार्थना म्हणायच्या का आम्ही?"

"प्रार्थना नको म्हणालीस, ते समजलं. पण पोळीनं काय केलं होतं?" राबिगाचा आवाज एकदम उतरला. "एर्ना, ती कसली पोळी होती, ठाऊक आहे तुला?"

"शेलपेक. चहाबरोबर खातात ती."

"शुक्रवारची शेलपेक. शुक्रवारी आम्ही सात पोळ्या तळतो, घरातल्या गेलेल्यांच्या नावानं. तेलाचा वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. मग त्यांची नावं घ्यायची आणि पोळ्या लोकांना वाटायच्या. लोकांनी खाल्ल्या तरच त्या पोचतात. आपाचा मुलगा येर्किन घोडे शोधायला गेला आणि बुरानात अडकला, तेव्हा बाविशीचा होता. वसंतात बर्फ वितळला तेव्हा मिळाला. तेव्हापासून ती एक शुक्रवार चुकलेली नाही. तू आयसाउलेच्या हातून काढून घेतलीस ती येर्किनची पोळी होती."

एर्नाबाई खुर्चीत मागे टेकल्या.

"मला कसं माहीत असणार, असं म्हणशील," राबिगा म्हणाली. "दर बुधवारी शेवटच्या तासाला मुलं एकमेकांना आपापल्या घरचे सण, उपास, रीती सांगतात. तो ओळखीचा तास सिस्टर आणि मी घेतो. तुलाही बोलावतो. तू त्या वेळी परीक्षानळ्या धुतेस."

"राबिगा..."

"थांब, एकच सांगते. नोव्हेंबरात तुम्ही कबरस्तानात मेणबत्त्या लावता. तू तुझ्या आईच्या कबरीवर लावतेस. मी पाहिलंय, वाऱ्यात हाताचा आडोसा धरून उभी असतेस. समज, मी तिथे आले, चांगले जाड हातमोजे तुला भेट दिले, आणि जाता जाता ती मेणबत्ती फुंकून विझवली. कारण काय, तर माझा नियम आहे. तू माझे हातमोजे ठेवले असतेस?"

बाहेर मुलं एकमेकांवर बर्फाचे गोळे फेकत होती. त्यांचा आरडाओरडा आत येत होता, पण एर्नाबाईंना तो ऐकू येत नव्हता. मेणबत्तीची ज्योत विझल्यावर वर जाणारी धुराची बारीक रेघ त्यांना दिसत होती. अरे देवा! आपण हे काय करून बसलो! गेलेल्या मुलाच्या नावाचा घास आपण पोरीच्या हातातून काढला, आणि तोही त्याच्या आईच्या डोळ्यांसमोर!

त्यांनी विचारलं, "आता काय करू? कोळसा तर ती घेत नाही."

"कोळसा नेऊच नकोस," राबिगा म्हणाली. "काहीच नेऊ नकोस. रिकाम्या हातानं जा. आणि जाताना भूक घेऊन जा."

*

शुक्रवारी दुपारी शाळा लवकर सोडली. आभाळ पांढरं झालं होतं आणि वाऱ्याने जमिनीवरचा बर्फ सरपटू लागला होता. एर्नाबाईंचा उपासाचा दिवस. सकाळपासून पोटात फक्त काळा चहा होता. निघताना त्यांनी फडताळातून मुरंब्याची बरणी काढली. परत ठेवली. दारापर्यंत जाऊन पुन्हा मागे आल्या, बरणी उचलली आणि पुन्हा ठेवली. कुणाच्या दारात रिकाम्या हाताने उभं राहणं इतकं अवघड असतं, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदा कळत होतं. आणि झुलिखा आपाच्या दारात आपण वर्षानुवर्षं तिला असंच उभं करत होतो, हेही.

त्यांनी दार ठोठावलं. आतून पावलं आली. दार एवढंसं उघडलं.

"काय आणलंस?"

"काही नाही, आपा."

"मग कशाला आलीस?"

"भूक लागलीय."

आपाने त्यांच्याकडे खालपासून वरपर्यंत पाहिलं. वारा दारातून आत घुसत होता. गारठलेल्या घरातली उरलीसुरली ऊबही निघून चालली होती, तरी तिने दार ना उघडलं, ना लावलं.

"बूट काढ," शेवटी ती म्हणाली. "मागच्या वेळी तशीच शिरली होतीस."

घरात श्वासाची वाफ दिसत होती. विटांच्या चुलीत दोन गोवऱ्या धुमसत होत्या. बुटक्या टेबलावर कापडाने झाकलेल्या सात पोळ्या होत्या, एकही हललेली नव्हती. बुरानच्या भीतीने गल्लीत कुणी घराबाहेर पडलं नव्हतं, आणि निसरड्यावरून घरोघर वाटत फिरणं आता आपाच्या गुडघ्यांना झेपत नव्हतं.

आपा तांब्याची लांब चोचीची झारी आणि पसरट भांडं घेऊन आली.

"द्या, मी घेते ओतून." एर्नाबाईंनी झारीसाठी हात पुढे केला.

"हात पुढे कर म्हटलं की हात पुढे करायचा. झारी नाही मागायची! पाहुणी आहेस ना? की इथेही मास्तरीण?"

एर्नाबाईंनी दोन्ही हात पुढे धरले. आपाने वाकून त्यांच्या हातांवर कोमट पाणी घातलं. वाकताना म्हातारीचा गुडघा कडकन वाजला. त्या आवाजाने एर्नाबाई इतक्या अवघडल्या, की हात मागे घेणार होत्या. पण त्यांनी ते तसेच धरले. त्यांचे हात आजवर कुणी धुतले नव्हते. लहानपणी आईने धुतले असतील, तेवढेच.

आपाने डोळे मिटून अरबी प्रार्थना म्हटली, मग नावं घेतली. आई. बाप. नवरा. शेवटी येर्किन. मग डोळे उघडून म्हणाली, "तूही म्हण तुझं काय असेल ते. माझ्या भिंती पडत नाहीत तेवढ्यानं."

"येर्किनचं नाव घेऊ का?"

आपाने मान फिरवली. "घे."

एर्नाबाईंनी क्रूसाची खूण केली आणि हळू आवाजात ते नाव घेतलं. मग आपाने पोळी मोडून तुकडा त्यांच्या हातात दिला, आणि तो तोंडात जाईपर्यंत नजर हलवली नाही.

"चरबीत नाही तळली. तेलात तळलीय," ती म्हणाली. "चाळीस वर्षं माझे शेजारी जर्मन होते. शुक्रवारी तुमच्यातली जुनी माणसं चरबीला शिवत नसत, हे मला ठाऊक आहे. मागच्या शुक्रवारीही तेलातच तळल्या होत्या. तुझी पोरं येणार होती ना!" तिने चहाचा कप त्यांच्यापुढे आदळला. "तुमचा शुक्रवार मला पाठ आहे, मास्तरीणबाई. तुला माझा किती ठाऊक होता?"

एर्नाबाईंनी तोंडातला घास गिळला. त्या म्हणाल्या, "काहीच नाही. चुकले मी, आपा."

"चुकलीसच! आणि माफ केलं असं समजू नकोस. भुकेल्याला दाराबाहेर ठेवत नाहीत, म्हणून आत घेतलंय. खा अजून."

एर्नाबाईंनी दुसरा तुकडा घेतला. खाता खाता त्या आजोबांबद्दल बोलल्या. आजवर हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. शरद ऋतूत गाडीतून उघड्या माळावर उतरवलेलं कुटुंब, आणि तो सगळा हिवाळा एका कझाक घराच्या भाकरीवर काढलेला. आजोबांना त्याची मरेपर्यंत लाज वाटत राहिली.

"लाज? कसली लाज? खाल्लं आणि जगले, यात लाज कसली?" आपा चिडूनच म्हणाली. "कुणाचं घर होतं ते?"

"त्यांनी कधी नाव सांगितलं नाही."

"मग कुठलंही असेल. समोरचं असेल. माझ्या आईचंही असेल, तिच्याकडे तेव्हा कोण जेवून गेलं, ते तिलाही नसेल आठवत. असल्या गोष्टी कुणी लक्षात ठेवतं का?" तिने कप पुन्हा भरला. "तुझ्या आजोबांनी मात्र नको ते लक्षात ठेवलं आणि नेमकं तेच तुला शिकवलं."

वाऱ्याने खिडकी हादरली. एर्नाबाई म्हणाल्या, "आपा, बुरान सुरू व्हायच्या आत कोळसा आणू द्या."

"आण. पण ऐक. पोरं आली की बसतील. चहा पितील, तोंडाला लावतील, आणि मला शाळेतल्या गमती सांगतील. जमणार असेल तर तुझा कोळसा माझा. नसेल, तर माझी गाय आहे."

"जमेल."

"आणि ही घे." आपाने एक अख्खी पोळी कापडात बांधून दिली. "ती पोरगी उपाशी राहिली माझ्या दारात. तिची आहे. दुसऱ्या कुणाला देशील तर बघ!"

एर्नाबाई तिथून थेट शेजारच्या दाउरेनच्या घरी गेल्या. दाउरेनने दार उघडलं तेव्हा त्याच्या कपाळावर आठी होती.

"दाउरेन, मला मदत हवीय," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्यांनी या गावात पहिल्यांदाच उच्चारलं होतं. "शाळेतला कोळसा आपाकडे न्यायचाय. तुझा घोडा लागेल, आणि तूही."

"आपानं घेतला?"

"आधी तिनं मला जेवू घातलं. मग घेतला."

 दाउरेनने खुंटीवरची टोपी काढली.

त्याच्या मागे आयसाउले उभी होती, हाताची घडी घालून. एर्नाबाईंनी कापड सोडून पोळी तिच्यापुढे धरली.

"ही आपानं तुझ्यासाठी दिलीय. येर्किनच्या नावाची. आयसाउले, त्या दिवशी बरोबर तू होतीस. चूक माझी होती. सगळ्यांसमोर तुला बोलले, तेव्हा सगळ्यांसमोरच हे पुन्हा सांगेन."

मुलीने पोळी घेतली. तिचा राग गेला नव्हता. ओठ तसेच घट्ट मिटलेले होते. पण तिने पोळी मोडली आणि अर्धी बाईंसमोर धरली.

"तुम्ही पण खा," ती म्हणाली. "नियम आहे आमचा."

दाउरेन दारातच मोठ्याने हसला.

बुरान आलं आणि दोन दिवस घोंघावत राहिलं. झुलिखा आपाच्या धुराड्यातून त्या दोन दिवसांत जाड, काळा धूर निघत होता. बुरान ओसरल्यावरही दाउरेन नाव काढायला शाळेत आला नाही, आणि पुढच्या सोमवारी आयसाउले नेहमीच्या बाकावर बसलेली होती. एर्नाबाईंनी दिलेला शब्द पाळला. त्या बुधवारी ओळखीच्या तासाला त्या शेवटच्या बाकावर मुलांमध्ये बसल्या आणि आयसाउलेने शुक्रवारची पोळी म्हणजे काय ते सांगितलं, तेव्हा उठून सगळ्यांसमोर तिची माफी मागितली. सगळं गोड झालं असं मात्र नाही. पायऱ्या झाडणारी ती शेजारीण अजूनही बाईंना बघून तोंड फिरवते. झुलिखा आपाने 'माफ केलं' हा शब्द अजून तोंडातून काढलेला नाही. ती फक्त दर शुक्रवारी पोळ्या तेलात तळते.

वाचकहो, आपल्यातल्या पुष्कळांना देता येतं. जुने कपडे देतो, वर्गणी देतो, सणावारी मिठाईचा डबा पाठवतो, आणि दिल्यावर आपली मान जराशी ताठ होते. पण ज्याला आपण देतो त्याच्या घरी मांडी घालून बसतो का? त्याच्या ताटातला घास घेतो का? त्याचा देव, त्याचे गेलेले, त्याचा शुक्रवार आपल्याला ठाऊक असतो का? जो नुसता देतो आणि घ्यायला नकार देतो, तो समोरच्याला भिकारी करतो, मग त्याच्या पोत्यावर कुठल्याही धर्माची खूण असो. घेणं हीसुद्धा सेवाच आहे, आणि ती देण्यापेक्षा अवघड आहे!

ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी शाळेच्या प्रार्थनाघरात फादर बारा माणसांचे पाय धुतात. प्रभू येशूने शेवटच्या जेवणाच्या वेळी शिष्यांचे धुतले होते, त्याची ती आठवण. पेत्र नावाचा शिष्य तेव्हा म्हणाला होता, "माझे पाय तू कधीच धुवायचे नाहीस!" आणि प्रभूने त्याला सांगितलं होतं, "मी ते धुतले नाहीत, तर तुझा माझा काही संबंध नाही." एर्नाबाईंना ही गोष्ट लहानपणापासून पाठ होती. तरी दर वर्षी पाणी तापवायचं काम त्या स्वतःकडे घ्यायच्या, म्हणजे खुर्चीवर बसावं लागत नसे.

त्या वर्षी त्या खुर्चीवर बसल्या. मोजे काढून, अनवाणी पाय फरशीवर टेकवून, मान खाली घालून. स्वयंपाकघरातून राबिगा पाण्याचं भांडं घेऊन आली आणि ते फादरांच्या हातात दिल्यावर एर्नाबाईंच्या कानाशी वाकून पुटपुटली, "पाणी फार गरम नाही ना, विचार हं फादरना. आयुष्यभर दुसऱ्यांसाठी तापवलंय तू. आज कळेल किती चटका बसायचा!"

एर्नाबाईंना हसू आलं. हसता हसताच त्यांनी पाय पुढे केला.